मिनीसाठी स्थळ

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या श्रावणात एक निरोप आला. टँकर किती वाजता येणार आणि बी विंगची लिफ्ट कधी सुरू होणार या दोन सनातन प्रश्नांच्या मधोमध. ‘आमच्या मिनीसाठी पर्शियन मुलगा हवा. वय दीड-दोन वर्षं. रंग पांढरा असल्यास उत्तम. शक्यतो घोडबंदर रोडचाच.’ खाली मिनीचा फोटो. गळ्यात गुलाबी फीत, चपटं नाक, जगावर रुसलेला चेहरा. सगळ्यात आधी उत्तर दिलं ते सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी. ‘पत्रिका बघणार का?’

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात माझाही एक होता. रात्री ओटा आवरताना मात्र वाटलं, त्या सबंध गटात मुद्द्याचा प्रश्न एकट्या आजोबांनीच विचारला होता.

ठाण्यात मांजरं पाळणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, आम्हाला हवं तसं मांजर आम्ही पैसे मोजून आणतो, तुमचं काय जातं? दुसरा म्हणतो, रस्त्यावर पिल्लं मरताहेत आणि तुम्ही विकत कसली आणता? मी दुसऱ्या तटातली. घरात दोन मांजरं आहेत, दोन्ही फुकट आलेली. बिल्डिंगखालच्या मांजरांना पिंजऱ्यात पकडून ऑपरेशनला नेणं हा माझा नोकरीत असल्यापासूनचा उद्योग. तरी आताशा मला वाटायला लागलंय की हे भांडण आपण चुकीच्या दारात उभं राहून करतोय. विकत की दत्तक, हा पिल्लू जन्मल्यानंतरचा प्रश्न. मिनीच्या निरोपात त्याच्या आधीचा प्रश्न होता. हे लग्न कोण लावतंय, आणि काय बघून?

‘पेडिग्री’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर कुत्र्याच्या दाण्यांची पिशवी येते. शब्दाचा अर्थ साधा आहे, वंशावळ. तीन ते पाच पिढ्यांची, नावानिशी लिहून ठेवलेली. आई कोण, बाप कोण, दोघांचे आजे-पणजे कोण. मांजरांच्या बाबतीत ही भानगड फार जुनी नाही. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि जातिवंत मांजरांचा आजचा सगळा पसारा तिथून सुरू झाला असं मानतात. १८८७ साली तिथे नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचा पहिला अध्यक्ष. पुढे तोच माणूस वैतागून बाहेर पडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांचीच जास्त पडली आहे, अशी त्याची तक्रार होती. ज्याने प्रदर्शन सुरू केलं त्यालाच वीस-पंचवीस वर्षांत त्याचा वीट आला, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. पण निदान त्या लोकांनी वह्या ठेवल्या. कुठल्या बोक्याची पिल्लं कुठे गेली ते लिहिलं.

आपल्याकडे पर्शियन घेताना काय लिहिलेलं मिळतं? काहीच नाही. बाजारातली भाषा चेहऱ्याची आहे: ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच’. नाक जितकं आत, तितका भाव बाहेर. त्याला जोड केसांच्या दाटपणाची, ‘डबल कोट’, ‘ट्रिपल कोट’, जणू भिंतीचा रंग. पेपर आहेत का विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पेपर नाहीत, पण प्युअर आहे.’ हे म्हणजे सातबारा नाही पण जमीन आमचीच, असं झालं.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मी कळव्यातल्या एका मुलाच्या घरी गेले होते, भांडायच्या तयारीने. सव्वीस-सत्तावीसचा असेल. दिवसा कुरियरचं काम, आणि गॅलरीत एकावर एक रचलेले पिंजरे. दोन माद्या, एक बोका, चार पिल्लं. भांडण काही जमलं नाही, कारण मुलगा चांगला होता. पिंजरे स्वच्छ होते, वर पंखा लावलेला होता, आणि मांजरं त्याच्या हाताला डोकं घासत होती. चहा आला. मी विचारलं, ‘बोका आणि ही पांढरी, दोघं कुठून आणलेस?’

‘एकाच माणसाकडून, काकू. दोघंही. म्हटलं बाहेरचं घेऊन फसायला नको.’

‘म्हणजे ही भावंडं?’

तो जरा थांबला. ‘सख्खी नसतील. आई तीच, पण दोन वेगळ्या वेळची पिल्लं.’

आपल्या समाजात लग्न ठरवताना गोत्र विचारायची पद्धत. सगोत्र नको, हा नियम आपण माणसांत इतका ताणला की त्यापायी पोरापोरींची आयुष्यं नासवली. आणि जिथे त्या नियमाला खरंच काही अर्थ आहे, तिथे, कळव्याच्या गॅलरीत, तो कुणाच्या स्वप्नातही नाही. रंग पांढरा आहे ना, बस.

गोत्र का विचारायचं, ते पर्शियनच्या मूत्रपिंडाकडे पाहून कळतं. या जातीत एक आनुवंशिक आजार आहे. मूत्रपिंडात पाण्याचे फोड जन्मापासूनच असतात, वयाबरोबर हळूहळू मोठे होतात आणि चांगला भाग खात जातात. डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. दोष प्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडे जरी तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. वेगवेगळ्या देशांत सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा तीस ते पन्नास टक्के पर्शियन मांजरांत हे फोड सापडले होते. मेख अशी की मांजर आजारी दिसायला लागतं ते बहुधा सहा-सात वर्षांचं झाल्यावर. पाणी जास्त पितं, वाळत जातं. तोवर त्या बोक्याची पिल्लं ठाणे, डोंबिवली, पनवेल करत कुठे कुठे पोचलेली असतात, आणि त्या पिल्लांनाही पिल्लं झालेली असतात.

२००४ साली या आजारामागचा जनुकातला बदल सापडला. तेव्हापासून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून तपासणी करता येते. आणि इथे मला माझ्याच तटातल्या लोकांना न आवडणारी गोष्ट सांगायची आहे. ज्या देशांत पैदास करणाऱ्यांनी ही तपासणी मनावर घेतली, दोष असलेल्या जनावरांना प्रजननातून काढलं, तिथे हा आजार कमी झाला. तो कमी करणारे लोक ब्रीडरच होते. मेन कून या धिप्पाड जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे. त्याच्याशी जोडलेला एक जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला आणि त्याचीही तपासणी निघाली. वंशावळ लिहिणारा, तपासणी करणारा, पिल्लू परत आलं तर ठेवून घेणारा माणूस ‘ब्रीडर’ या शिवीला पात्र आहे असं मला वाटत नाही. तसा माणूस मला ठाण्यात भेटला असता तर मी त्याच्याकडेही चहा घेतला असता. वाद घालायला मजाही आली असती.

मात्र काही जातींच्या बाबतीत चहासुद्धा नको. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान सगळ्यांनी फोटोत पाहिले असतील. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या पर्थशर भागात एका शेतावर सूझी नावाची मांजर सापडली, दुमडलेल्या कानांची. आजची सगळी फोल्ड मांजरं तिच्या वंशातली. कान दुमडतो कारण कूर्चा, म्हणजे कानातलं ते लवचीक हाड, नीट घडत नाही. आणि कूर्चा काही फक्त कानात नसते, ती सांध्यासांध्यांत असते. ज्या दोषामुळे कान गोंडस दिसतो त्याच दोषामुळे मांजराचे पाय आणि शेपूट आखडतात, दुखतात. इथे ‘चांगला ब्रीडर’ असं काही असूच शकत नाही, कारण तपासून काढून टाकायचा म्हटला तर तो कानच काढून टाकावा लागेल. ब्रिटनमधल्या मुख्य नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकातच या मांजरांची नोंदणी थांबवली. नेदरलँड्समध्ये त्यांच्या पैदाशीवर बंदी आहे. आपल्याकडे ‘फोल्ड अव्हेलेबल, ओन्ली सीरियस बायर्स’ असा निरोप मागच्याच महिन्यात माझ्या फोनवर आला.

आता माझ्या घरातल्या पर्शियनबद्दल. होय, माझ्याकडेही आहे. त्याचं नाव ढब्बू.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळी घ्यायला गेले होते. सकाळचे साडेआठ, अंगाला चिकटणारा उकाडा. पाट्यांच्या मागे, बर्फाचं पाणी वाहतं तिथे, एक मळकट गोळा बसलेला. मला वाटलं फरशी पुसायचं फडकं. जवळ गेले तर फडक्याने डोळे उघडले. बाजारातली देशी मांजरं म्हणजे तालमीतले गडी. मांदेलीचं डोकं हवेतच झेलतात. हा मध्ये बसलेला, पुढ्यात पडलेलं डोकं त्याला तोंडात धरता येईना. जबडाच पुढे नाही तर धरणार कसं? उचलायला जायचा, ते निसटायचं, तोवर एक भाटी, म्हणजे मांजरी, येऊन घेऊन जायची. कोळीण मावशी म्हणाली, ‘चार दिस झालं. गाडीतून आलं नि सोडून गेलं. बाय, तू ने याला. इथं नाय टिकायचा हा.’

मासळी बाजारात सोडणाऱ्याने आपल्या परीने दयाच दाखवली होती, हे मला मान्य करावं लागतं. त्याला वाटलं असेल, इथे उपाशी तरी मरणार नाही.

डॉक्टरांनी त्याचे केस मशीनने उतरवले तेव्हा गुठळ्यांखाली कातडीवर फोड होते, पोटावर बुरशीचे गोल चट्टे. लांब केसांच्या मांजरांना ही बुरशी लवकर धरते, आणि आपल्या हवेत तर विचारायला नको. डोळ्यांतून सारखं पाणी, कारण चेहरा चपटा झाला की अश्रूंची नळी वाकडी होते. वय तीन-चार. नसबंदी झालेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ‘मेटिंगला ठेवलेला असणार.’ म्हणजे याच्या पोरांनी ठाण्यातली किती बैठकीची दालनं सजली असतील कोण जाणे, आणि हा बाप इथे बर्फाच्या पाण्यात.

मला त्या दिवशी कळलं की ‘जातिवंत विरुद्ध रस्त्यावरचं’ अशी वाटणी प्रत्यक्षात उरलेलीच नाही. दुकानातलं मांजर आणि शेल्टरमधलं मांजर हे पुष्कळदा एकच मांजर असतं, फक्त मध्ये तीन-चार वर्षं गेलेली असतात. मांजरं सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणींकडे आता पिंजऱ्यात सयामी दिसतात, पर्शियन दिसतात. भाड्याचं घर बदललं, सून गरोदर राहिली, केस फार गळतात, एसीचं बिल येतं, मुलगा शिकायला परदेशी गेला. कारणं ऐकून ऐकून पाठ झाली आहेत.

एवढं सगळं म्हटल्यावर माझ्या तटाने टाळ्या वाजवायला हरकत नव्हती. पण त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जरा घरचं असल्यामुळे जास्त कडवट आहे.

माझी भाची ऐरोलीला राहते. एकटी, आयटीत, भाड्याचा वन बीएचके. तिला मांजर हवं होतं आणि मावशीच्या संस्कारांमुळे दत्तकच हवं होतं. एका संस्थेचा फॉर्म तिने भरला. पानंच्या पानं. पगार किती, घरमालकाचं पत्र आहे का, घरात पुरुष कोण, लग्नाचा विचार कधी आहे, आणि सासरी मांजर चालेल याची खात्री काय! मग व्हिडिओ कॉल, मग घरी भेट, मग तीन आठवडे शांतता, आणि शेवटी ‘अविवाहित मुलींना आम्ही देत नाही, नंतर सोडून देतात.’ पुढच्या रविवारी ती वाशीला गेली आणि नऊ हजारांना एक पिल्लू घेऊन आली. तिथे तिला एकच प्रश्न विचारला, कॅश की यूपीआय?

ती चुकली का? चुकली. पण तिला त्या दारापर्यंत कुणी चालवत नेलं?

काही अटी रास्त आहेत, त्यांवर मी तडजोड करणार नाही. खिडकीच्या जाळीची अट घ्या. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं, या समजुतीवर घोडबंदर रोडचे बावीस मजली टॉवर उभे आहेत. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला, त्यात नव्वद टक्के जगली होती. तो आकडा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. जी खालीच मेली ती दवाखान्यात आली कशाला असती, हे कुणी विचारत नाही. आणि कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची बारीक जाळी मांजर दाताने तासाभरात कापतं, हे मी माझ्याच गॅलरीत पाहिलंय. तेव्हा जाळी हवीच. नसबंदीचा लेखी शब्दही हवाच. पण लग्नाचा विचार? घरातला पुरुष? हा मांजरांबद्दलच्या काळजीचा आव आणून केलेला नसता भोचकपणा आहे.

दुसरी गोष्ट आणखी खटकते. रस्त्यावर सापडलेलं जरा लांब केसांचं पिल्लू असलं की आमचीच माणसं जाहिरातीत लिहितात, ‘पर्शियन मिक्स, दत्तक घ्या’. चटकन जातं, हे खरं. पण मग आपण तेच विकतोय जे तो कळव्याचा मुलगा विकतो, केस आणि कूळ. फरक इतकाच की तो पैसे घेतो. काळं पिल्लू, एक डोळा गेलेलं पिल्लू, तीन वर्षांची प्रौढ भाटी, ही मागेच राहतात. माझी दुसरी मांजर, खारी, अशीच राहिलेली. तिरंगी आहे, तीनही रंग अगदी वाईट ठिकाणी पडलेत. तिला पाच वेळा लोक बघून गेले होते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. आमच्या बाजूच्या पोस्टरांवर एक आकडा हमखास असतो. मांजरांच्या एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं होतात. हिशेब खोटा आहे. जन्मलेलं प्रत्येक पिल्लू जगतं असं धरून केलेला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मोकाट मांजरांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६९ पिल्लांपैकी १२७ सहा महिन्यांची व्हायच्या आत मेलेली किंवा नाहीशी झालेली होती. चारातली तीन. ठाण्यातल्या मांजरांची अशी मोजणी माझ्या पाहण्यात नाही, पण पार्किंगमध्ये बारा-तेरा वर्षं वाकून पाहणाऱ्या बाईला हा आकडा परका वाटत नाही. पोस्टरवर भीती घालायला मोठा आकडा वापरतात. मला हा लहान आकडा जास्त झोंबतो. मांजर वर्षातून दोनदा-तीनदा वितं, गर्भ जेमतेम नऊ आठवड्यांचा, अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकतं. एवढं सगळं करून ते मुख्यतः मरणारी पिल्लं जन्माला घालतं.

त्यामुळे ‘देशी मांजर काटक, तिला काही होत नाही’ हेही सोडून द्यायला हवं. देशी मांजरात रक्त भरपूर मिसळलेलं असतं, एकाच घराण्यातल्या पर्शियनपेक्षा आनुवंशिक दुखण्यांत ती उजवी ठरते हे बरोबर. पण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीचा विषाणू जात विचारत नाही. तो एकदा शेल्टरमध्ये शिरला की लस न झालेली पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात, आणि विषाणू त्या खोलीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. काटक दिसतात ती मांजरं म्हणजे चारातलं उरलेलं एक. बाकीची तीन आपल्याला दिसलेलीच नसतात.

नौपाड्यात आमचं जुनं घर होतं, तीन मजली, लाकडी जिन्याचं. तिथे मांजर कुणाचंच नव्हतं आणि सगळ्यांचं होतं. तळमजल्यावरच्या काकू दूध घालायच्या, वरच्या मजल्यावर बाळंतपण व्हायचं, आणि मांजर सात घरं पिल्लं फिरवतं ही म्हण आमच्या जिन्यात शब्दशः खरी व्हायची. आई त्यांना हाकलायची नाही. सटवाईचं वाहन आहे म्हणायची, तान्ह्या बाळाच्या घरात मांजराला मारू नये. पिल्लं मरायची तेव्हाही, पण अंगण होतं, पेरूचं झाड होतं, घुशी होत्या, मांजराला काम होतं. आता ती सगळी रांग पुनर्विकासात गेली. लोक दोन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात, भांडीकुंडी नेतात, देव नेतात. मांजर नेत नाहीत, कारण ते कुणाचंच नव्हतं. मग निळे पत्रे लागतात आणि आत जेसीबी. कुत्रं माणसामागे जातं, मांजर जागा धरून बसतं. पाडलेल्या बिल्डिंगच्या राडारोड्यावर रोज संध्याकाळी आपल्या जुन्या जिन्याच्या जागी येऊन बसणारी मांजर मी पाहिली आहे. पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरियाचा चौरस इंच न्‌ चौरस इंच लिहून घेतात. पत्रे लागण्याआधी आवारातल्या मांजरांची नसबंदी आणि सोय सोसायटीने करावी, एवढी एक ओळ त्यात बसू शकते. सभेत मी हे मांडलं तर लोक हसतील हे मला ठाऊक आहे. मांडणार आहे.

कायद्याचं म्हणाल तर थोडक्यात. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा जनावर उपासमार होईल अशा रीतीने टाकून देणं हा गुन्हा मानतो, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. ढब्बूला सोडून जाणारा सापडला असता तर त्याला पार्किंगची पावती महाग पडली असती. २०१७ साली केंद्राने पैदाशीचे नियम केले. नोंदणी हवी, कुत्रीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विऊ द्यायचं नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत, पण नावापासूनच ते कुत्र्यांचे आहेत. २०१८चे नियम दुकानांसाठी, त्यांत मांजर येतं. पण मांजरांचा व्यवहार दुकानात होतो कुठे? तो फोनवर होतो, आणि माल गॅलरीत असतो. कुत्र्यांचेच नियम मांजरांना लावा, आणि जो नोंदणीकृत ब्रीडर नाही त्याने पिल्लू नसबंदीशिवाय किंवा नसबंदीचे पैसे आधी भरल्याशिवाय हातातून सोडू नये असं करा, मग ते पिल्लू विकलेलं असो की फुकट दिलेलं. म्हणजे कळव्याच्या मुलालाही आणि माझ्या मैत्रिणींनाही एकच फूटपट्टी. मैत्रिणींना हे आवडणार नाही. त्यांच्याकडून गेलेली पिल्लं वर्षभरात व्यायल्याची उदाहरणं मी त्यांना नावासकट सांगू शकते.

मिनीच्या मालकीणबाई त्या निरोपानंतर दोन दिवसांनी वर आल्या. मीच बोलावलं होतं. चाळिशीच्या आहेत, बोलायला गोड, मिनीवर जीव आहे. म्हणाल्या, ‘ताई, मला पैसे नाही हो करायचे. एकदा तरी आई होऊ दे की तिला. नंतर करू ऑपरेशन.’

या वाक्यावर माझ्याकडे डॉक्टरी उत्तर तयार असतं. भाटीची नसबंदी सहा महिन्यांच्या आत झाली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होतो, वर्षाच्या आत झाली तरी बराच कमी होतो, पुढे तो फायदा घटत जातो. गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच मिटतो. एकदा व्यायल्याने मांजराच्या मनाला काही समाधान मिळतं याला कसलाही आधार नाही. तिला पिल्लं झाली की ती चाटते, दोन-अडीच महिन्यांनी फिस्कारून हाकलते. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडे सगळ्यांनी आधीच पिल्लं बुक केलीयेत. नणंदेला एक, मुलीच्या क्लासच्या टीचरना एक.’

‘आणि पाच झाली तर?’

‘पाच?’ त्यांनी हा विचार केला नव्हता. ढब्बू तेवढ्यात आतून आला, नाकाने फुरफुरत, आणि त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, डोळ्यांखालचा ओघळ पदराने पुसला आणि विचारलं, ‘हा केवढ्याला पडला?’

मी मासळी बाजाराची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘याची नसबंदी झालीये ना? नाहीतर आमच्या मिनीला...’ आणि स्वतःच हसल्या. मलाही हसू आवरलं नाही.

परवा त्या पिंजरा मागायला आल्या. मिनी रात्रभर ओरडते, म्हणाल्या, खालच्या मजल्यावरून तक्रार आलीये. पाचपाखाडीचा दवाखाना रिक्षाने पंचवीस मिनिटांवर आहे आणि कळव्याची ती गॅलरी त्याच्या जरा पुढे, पुलापलीकडे. कुठे नेताय, हे ओठांवर आलं होतं. मी पिंजऱ्यात जुना टॉवेल अंथरला, दाराची कडी ढिली आहे ती कशी लावायची ते दाखवलं, आणि डॉक्टरांचा नंबर पुन्हा एकदा त्यांच्या फोनवर पाठवला.